स्टील गिटार : आठ तारांचा मेळ

सतारिया तरफा मिळवावयास बसला म्हणजे त्याची दृष्टि रागाकडे असते. परंतु तरफा कशाही मिळविल्या तरी पुढचें काम त्याच्या बोटांकडे राहतें. तार खेंचून मींड घेतली कीं हवा तो स्वर त्याला सांपडतो. हवाई बेटांत उदयास आलेल्या स्टील गिटारची गोष्ट निराळी आहे. तें वाद्य आडवें ठेवावयाचें, उजव्या हाताच्या नख्यांनीं तारा छेडावयाच्या आणि डाव्या हातांत पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून फिरवावयाची. कांडी सरळ असल्यामुळें ती जेथें टेकेल तेथें साऱ्या तारा सारख्याच चढतात. पाश्चात्य संगीताला तर एकाच वेळीं तीन-चार स्वरांचा मेळ, ज्याला तिकडे कॉर्ड म्हणतात, तो हवा असतो. जो मेळ मोकळ्या तारांत नाहीं, तो कांडीनें बहुधा मिळत नाहीं. कांडी तिरपी धरून थोडी सुटका होते, पण ती थोडीच. म्हणून तारा कोणत्या स्वरांत लावाव्या, या एका निर्णयांतच वादकाचें पुष्कळसें संगीत आधीं ठरून जातें.

ओआहू बेटावरील लाइये गांवचा जोसेफ केकुकू शाळेंत असतांना, १८८९ च्या सुमारास, गिटारच्या तारांवर पोलादी तुकडा फिरवून वाजवूं लागला. या रीतीच्या जनकत्वाचा मान सामान्यतः त्यालाच देण्यांत येतो. त्याच्याही आधीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या गेब्रिएल डेव्हियन नांवाच्या खलाशानें ती होनोलुलूंत दाखविली, असें एक जुनें म्हणणें आहे. विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्य यांची आठवण असणाऱ्यास तें मोहक वाटेल; पण मोहक वाटणें हा कांहीं पुरावा नव्हे.

पहिल्या जुळण्या सरळ होत्या. ‘ए’ हा षड्ज धरून सहा तारा खालून वर प, सा, प, सा, ग, प अशा लावीत. बेटांवरील गोड, संथ गीतांना एवढें पुरे होतें. १९१५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनानें हें संगीत अमेरिकेंत घरोघर नेलें, आणि तेथें जाझचीं गुंतागुंतीचीं गाणीं वाजवावयाची वेळ येतांच उणीव उघडी पडली. कोमल गांधाराचा मेळ या तारांत सरळ कांडीनें निघेच ना. सोल होओपीइ या कुशल वादकानें जुळणीच बदलून तो मेळ साधला. पुढें जेरी बर्ड यानें ‘सी-सिक्स्थ’ नांवाची जुळणी लोकप्रिय केली, आणि तिच्यांतील युक्ति पाहण्यासारखी आहे. सा, ग, प यांच्या जोडीला फक्त एक धैवत! परंतु सा-ग-प घेतले तर प्रसन्न मेळ, आणि ध-सा-ग घेतले तर करुण मेळ. एका स्वरानें एवढें काम क्वचितच केलें असेल.

१९३० नंतर विजेची गिटार आली. आतां आवाज पोकळ पेटीवर अवलंबून नव्हता. त्यामुळें तारा सहाच्या आठ झाल्या. त्यानेंही भागेना, तेव्हां एकाच चौकटीवर दोन, तीन, चार गळे बसवून प्रत्येकावर निराळी जुळणी ठेवण्यांत येऊं लागली. हा उपाय धनवंताचा आणि बळकट खांद्यांचा होता.

दुसरा मार्ग पायाचा. पेडल दाबलें कीं ठराविक तारा ठराविक स्वरापर्यंत चढाव्या, अशी योजना गिब्सन कंपनीनें १९४० च्या सुमारास ‘इलेक्ट्राहार्प’मध्यें केली. प्रारंभीं पेडलकडे केवळ जुळणी पालटण्याची कळ म्हणून पाहिलें जाई. बड आयझॅक्स यानें १९५३ च्या अखेरीस वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गीतांत तारा वाजत असतांनाच पेडल दाबलें. खालचा षड्ज स्थिर राहिला आणि त्याच्या डोक्यावर गांधार मध्यमाकडे, पंचम धैवताकडे सरकत गेला. १९५४ मध्यें तें गीत १७ आठवडे अग्रस्थानीं होतें, आणि दुसऱ्या वादकांना आपापल्या वाद्याखालीं पेडल हवेसें झालें. आयझॅक्सची ‘ई-नाइन्थ’ जुळणी म्हणजे सा, ग, प, त्यावर कोमल निषाद आणि रिषभ. बडी एमन्स यानें १९५७ च्या सुमारास त्या एका पेडलचीं दोन केलीं, म्हणजे गांधार व पंचम स्वतंत्रपणें हलूं लागले. १९६२ मध्यें शुद्ध निषाद व रिषभ यांच्या दोन तारा त्यानें आणखी जोडल्या. आठांच्या दहा झाल्या, आणि नॅशव्हिलमध्यें तोच प्रघात पडला.

आपल्याकडे हा पेच फारसा जाणवला नाहीं. ताउ मो यानें १९४० च्या दशकांत कलकत्त्यास हवाईयन गिटारचे धडे दिले, पुढें ब्रिजभूषण काबरा यांनीं तिच्यावर रागदारी बसविली. रागाला एकेरी स्वरओळ पुरते, मेळ साधण्याची यातायात नाहीं.

जेरी बर्डनें मात्र पेडल कधीं आपलेंसें केलें नाहीं. कांडी तिरपी धरण्याचें कसब पायानें फुकट मिळूं नये, असेंच जणूं त्याचें वागणें होतें. तो १९७२ मध्यें होनोलुलूस गेला आणि तेथील तरुणांना जुन्या पद्धतीचें वादन शिकवीत राहिला. हवाईंत जन्मलेली विद्या अशा रीतीनें ओहायोंत जन्मलेल्या माणसाकडून तेथें परत गेली.

हलकें वाद्य हवें म्हणून आठच तारांचें पेडल गिटार घेणाऱ्यापुढें जुना प्रश्न तसाच उभा राहतो. ‘ई-नाइन्थ’ लावावयाची तर दहांतील दोन सोडणें आलें. खर्जाच्या सोडल्या तर मेळाचा पाया जातो. एमन्सच्या दोन सोडल्या तर झरझर उतरणारी सप्तकाची ओळ तुटते. ‘सी-सिक्स्थ’ला आठ तारा सुखानें पुरतात, पण मग आयझॅक्सचा तो सरकता स्वर त्या थाटाचा नसतो. बहुतेक वादक शेवटीं आपल्या आवडीचीं गाणीं समोर ठेवून त्यांत कोणती तार सर्वांत कमी वाजते, तें मोजतात.