लॅमिंग्टन रोड ते घरचे टेबल : मॉनिटर दुरुस्तीचा इतिहास

गिरगावच्या कडेने, ऑपेरा हाऊसपासून मुंबई सेंट्रलच्या बाजूला जाणारा लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा मुख्य बाजार आहे. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला मिळाले. पुढे तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी मेकॅनिकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. बंद पडलेला एलसीडी मॉनिटर घरच्या घरी उघडून चालू करण्याची जी रीत दादर, परळ, लालबागमध्ये रुजली, तिची मुळे या बाजारात आणि त्याच्या आधीच्या रेडिओच्या काळात आहेत.

23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि शहरात वॉल्व्हचे रेडिओ येऊ लागले. सेट महाग होता, त्याला वर्षाचा परवाना लागे. त्यामुळे बिघडला म्हणून कोणी तो टाकून देत नसे. दुरुस्तीचा क्रम तेव्हाच ठरला. आधी वीजपुरवठा तपासायचा, मग स्पीकरकडून उलटे मागे येत एकेक टप्पा बघायचा. वॉल्व्हच्या ग्रिडला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि स्पीकरमधून गुणगुण आली, तर तिथून पुढचा भाग ठीक. आली नाही, तर दोष पुढेच आहे. बिघाडाची जागा अशी दोन्हीकडून आवळत आणायची ही पद्धत पुढच्या प्रत्येक यंत्राला लागू पडली.

2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी टीव्ही असे आणि सारा मजला तिथे जमे. तो सेट बंद पडणे ही मजल्याची अडचण ठरे. रेडिओ मेकॅनिक टीव्हीकडे वळले, पण इथे काम जोखमीचे होते. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि सेट बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार शिल्लक राहतो. तो आधी उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही, हा कामाचा पहिला नियम झाला.

1982 साली देशात रंगीत टीव्ही आला. त्याच वर्षी 18 जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. परळ-लालबागच्या घरांतला गिरणीचा पगार थांबला, पुढे बहुतेक गिरण्याही गेल्या. पुढच्या पिढीला दुसरे हुन्नर शोधणे भाग होते. आयटीआयमधला रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्या आवाक्यातला होता: भांडवल थोडे, जागा जिन्याखालची किंवा घरातलीच, आणि माल आणायला लॅमिंग्टन रोड काही स्टेशनांवर. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरण्यांवर पुष्कळ लिहिले गेले. सोल्डरिंगच्या टेबलावर चाललेल्या घरांची नोंद मात्र फार थोडी झाली आहे, आणि ती व्हायला हवी.

संगणकाचा पडदा मुंबईला तसा नवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाला आलेख आणि अक्षरे दाखवणारी कॅथोड किरण नळी जोडलेली होती. मात्र सर्वसामान्य मेकॅनिकच्या हाती मॉनिटर आला तो 1984 च्या संगणक धोरणाने आयात सैल झाल्यावर, मुख्यतः नव्वदीच्या दशकात. त्याच काळात लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांशेजारी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दिसू लागल्या.

टीव्ही येणाऱ्याला मॉनिटर येईलच असे नव्हते. भारतीय टीव्हीत आडव्या रेषा सेकंदाला 15,625 या वेगाने आखल्या जात. व्हीजीए मॉनिटरमध्ये हा वेग सुमारे 31,500, म्हणजे दुप्पट. टीव्हीचा ट्रान्झिस्टर मॉनिटरमध्ये बसवला तर तो तापून जळे. जुळणारा ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर कोणत्या गाळ्यात मिळेल, हे माहीत असणे हाच निम्मा धंदा होता.

एलसीडीने यंत्राची रचनाच बदलली. द्रवस्फटिकांचा शोध 1888 सालचा, ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख राइनिट्झर यांचा. भारतातही यावर मूलभूत काम झाले: बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पडद्यात मात्र लांबट रेणूंचे द्रवस्फटिक असतात. ते स्वतः उजेड देत नाहीत. मागून येणारा उजेड कुठे जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा एवढेच ठरवतात. म्हणून एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र आणि उजेड या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, आणि दुरुस्तीचे सारे निदान या एका गोष्टीवर उभे आहे.

जगाच्या बाजारात 2004 च्या सुमारास एलसीडीने जाड मॉनिटरला मागे टाकले. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत अर्धे टेबल मोकळे करणाऱ्या या पडद्याचे स्वागत झाले नसते तरच नवल. पण दोन-चार वर्षांत एक ठराविक तक्रार येऊ लागली: चालू केला की चित्र क्षणभर दिसते आणि पडदा काळा होतो, हिरवा दिवा मात्र तसाच. जाणकार मेकॅनिक अशा काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारून बघे. अंधूक चित्र दिसले, तर पॅनेल आणि मुख्य बोर्ड ठीक. दोष उजेडाच्या बाजूला. त्या काळच्या मॉनिटरमध्ये वरखाली बोटापेक्षा बारीक फ्लुरोसंट नळ्या असत आणि त्या पेटवायला इन्व्हर्टर बोर्ड कमी दाबाची वीज शेकडो व्होल्टपर्यंत चढवी. एक नळी जरी अशक्त झाली, तरी संरक्षक सर्किट एक-दोन सेकंदांत सगळेच बंद करी. नळी म्हातारी झाल्याची आधीची खूण म्हणजे चालू करताना पडद्यावर येणारी गुलाबी झाक.

टॉर्चनेही काही दिसत नसेल, किंवा दिवाच लागत नसेल, तर पॉवर सप्लाय बघायचा. इथे सर्वांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे फुगलेला कपॅसिटर. 2000 नंतरच्या काही वर्षांत तैवानमधून आलेल्या सदोष इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरांनी जगभरचे मदरबोर्ड आणि मॉनिटर बंद पाडले. त्यात मॉनिटरच्या बंद पेटीतली उष्णता कपॅसिटर लवकर सुकवते. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो; बिघडलेल्याचा वर येतो, कधी तपकिरी द्राव बाहेर पडतो. कधी तो दिसायला धड असतो आणि साध्या मल्टीमीटरवर मापही बरोबर देतो, पण आतला रोध वाढलेला असल्याने ताण येताच दाब कोसळतो. मॉनिटर चालू व्हायला रोज जास्त वेळ लागत असेल, तर कारण बहुधा हेच.

या दुरुस्तीने काम दुकानातून घरच्या टेबलावर आणले. लागणारी हत्यारे म्हणजे सोल्डरिंगची कांडी, सोल्डर ओढून घेणारा पंप, मल्टीमीटर आणि कडेची प्लास्टिकची कुसे उचकटायला एखादे बाद झालेले एटीएम कार्ड. लॅमिंग्टन रोडवर कपॅसिटर सुटा मिळे आणि अख्ख्या बोर्डाच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य असे. मायक्रोफॅरडचे माप तेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान 105 अंशांचे, आणि उणे बाजूची पट्टी जागच्या जागी. एवढे पाळले की जुना मॉनिटर आणखी काही वर्षे चाले. एक धोका मात्र कायम होता आणि आजही आहे. 230 व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर सुमारे 320 व्होल्टचा भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. पॉवर बोर्डाला हात लावण्याआधी तो रोधाच्या साहाय्याने उतरवून मल्टीमीटरवर खात्री करणे अटळ आहे. ज्याला हे जमत नाही, त्याने झाकण उघडूच नये.

2010 च्या आसपास फ्लुरोसंट नळ्या जाऊन एलईडीच्या पट्ट्या आल्या आणि वेगळा इन्व्हर्टर नाहीसा झाला. बाजारात जुन्या मॉनिटरसाठी एलईडी पट्टीचे किट आणि अनेक पॅनेलांना चालणारे युनिव्हर्सल बोर्ड मिळू लागले. याचा एक परिणाम व्यवसायावर झाला: दोष एका भागात शोधण्याऐवजी बोर्डच बदलणे सोपे ठरले. काम लवकर होते हे खरे, पण रेडिओपासून चालत आलेली टप्प्याटप्प्याने दोष गाठण्याची विद्या यात हातची सुटू लागली. चिनी बोर्ड स्वस्त पडतो म्हणून ती विद्या टाकाऊ ठरत नाही. बोर्ड मिळेनासा झाला की तिचाच आधार उरतो.

पॅनेल हा मात्र घरच्या दुरुस्तीचा शेवट. काच तडकली तर उपाय नाही. उभी रेघ किंवा पट्टा दिसतो तेव्हा काचेच्या कडेला चिकटवलेल्या लवचीक पट्टीचा सांधा बहुधा सुटलेला असतो. तो पुन्हा बसवायला बाँडिंग मशिन लागते आणि मोठ्या टीव्हीच्या किमतीमुळेच ते परवडते. मॉनिटरच्या बाबतीत बहुतेक वेळा पॅनेल गेले की मॉनिटर गेला. त्याचा पॉवर बोर्ड, केबल आणि स्टँड दुसऱ्या एखाद्या मॉनिटरला उपयोगी पडतात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्याचे संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याचे पहिले नियम 1 मे 2012 पासून लागू झाले; 1 एप्रिल 2023 पासून सुधारित नियम लागू आहेत. जुन्या एलसीडी मॉनिटरमधल्या फ्लुरोसंट नळ्यांत पारा असतो. नळी फुटली तर खिडकी उघडून खोली काही वेळ मोकळी सोडावी आणि तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने उचलावेत. दुरुस्त न होणारा मॉनिटर भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावा.