गाडीवानाचा पाय

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा विजयगाथेच्या रूपात लिहिला जातो. त्यात नायक असतो तो शल्यविशारद, खलपात्र असतो तो रोग आणि रुग्ण हा केवळ रणभूमी. साहित्याच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटावी. आणि म्हणूनच तिच्याविषयी त्याला थोडी शंकाही यावी. पायातील धमनीच्या विस्फारावरील उपचारांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

गुडघ्यामागच्या खळगीतून जाणाऱ्या धमनीची भिंत कधी कधी दुबळी होते आणि फुग्यासारखी फुगते. या फुगवट्यात रक्ताच्या गुठळ्या साचतात. त्या खाली सरकल्या की पावलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाय सडू लागतो. अठराव्या शतकातील लंडनमध्ये घोडागाडी हाकणाऱ्यांमध्ये हा विकार विशेष आढळे. उंच बुटांच्या काठाचे घर्षण हे त्याचे कारण असावे, असा एक तर्क त्या काळी मांडला जाई.

उपाय दोनच होते. पहिला अँटिलस या ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखला जाई : विस्फाराच्या वर आणि खाली धमनी बांधायची, पिशवी फोडायची आणि रिकामी करायची. दुसरा उपाय म्हणजे मांडीतून पाय कापणे. पहिल्या उपायात रुग्ण इतके दगावत, की पर्सिव्हल पॉटसारख्या नामवंत शल्यविशारदाला दुसराच अधिक दयाळू वाटे. भूल देण्याचे शास्त्र अद्याप सहा दशके दूर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ‘दये’चा अर्थ कळतो.

डिसेंबर १७८५ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात जॉन हंटरने पंचेचाळीस वर्षांच्या एका गाडीवानावर वेगळा प्रयोग केला. त्याने विस्फाराला हातच लावला नाही. मांडीच्या आतल्या बाजूस, जिथे धमनी निरोगी होती, तिथे छेद घेऊन त्याने ती बांधली. मुख्य वाट बंद झाली, तरी आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावतील आणि पाय जगवतील, असा त्याचा विश्वास होता. रिचमंड पार्कमधील एका हरणाच्या शिंगाची धमनी बांधून त्याने हे आधी पाहिले होते, अशी आख्यायिका आहे. गाडीवान दोन पायांवर घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकू लागला. मांडीतील त्या जागेला शरीरशास्त्राची पुस्तके आजही हंटरच्या नावाने ओळखतात.

कथा येथे संपवली की विजयगाथा पूर्ण होते. पण १७८७ मध्ये तो गाडीवान तापाने वारला. त्याचा पाय मिळवण्यासाठी हंटरने बरीच खटपट केली आणि पैसाही बराच खर्च केला. पाय मिळाला, विच्छेदन झाले, सिद्धान्ताला पुरावा लाभला. वृत्तान्त लिहिणाऱ्या एव्हरार्ड होमने ही खटपट कर्तव्यदक्षतेचा दाखला म्हणून नोंदवली. मूळ मालकाला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्या वृत्तान्ताच्या भाषेत उद्भवूच शकत नाही. समुद्रात दफन व्हावे अशी इच्छा असलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय पुरुषाचा सांगाडाही हंटरने असाच हस्तगत केला होता. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने तो प्रदर्शनातून काढला, तो थेट २०२३ मध्ये.

पुढचा प्रवास त्वरेने सांगता येईल. १९०६ मध्ये माद्रिदच्या होसे गोयानेसने गुडघ्यामागील विस्फारासाठी रुग्णाचीच शीर वापरून रक्ताला नवी वाट दिली. आता वाट बंद करायची नव्हती, तर टिकवायची होती.

१६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड येथे आणखी एक वळण आले, आणि ते घडवणारा शल्यविशारद नव्हता. चार्ल्स डॉटर हा क्ष-किरणतज्ज्ञ. ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील धमनी अरुंद झाली होती, पाऊल सडू लागले होते आणि पाय कापून घ्यायला ती ठाम नकार देत होती. डॉटरने त्वचेतून नळी सरकवली आणि धमनी आतून रुंद केली. पाय वाचला. १९६९ मध्ये त्याने कुत्र्यांच्या गुडघ्यामागील धमन्यांत तारेच्या वेटोळ्यांच्या नळ्या बसवून दाखवल्या. खार्किव्हमध्ये निकोलाय वोलोदोस आणि ब्वेनोस आयरेसमध्ये हुआन पारोदी यांनी कापडाने मढवलेली नळी महाधमनीत आतून बसवली, ती अनुक्रमे १९८७ आणि १९९० मध्ये. १९९४ मध्ये मायकेल मॅरिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने गुडघ्यामागच्या विस्फारावर केलेल्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नळीतून रक्त वाहते आणि भोवतालची फुगलेली पिशवी निरुपयोगी होऊन पडते.

म्हणजे छेद लहान होत गेला, हीच प्रगती? तसे सरळ म्हणता येत नाही. गुडघा हा वाकणारा सांधा आहे. सततच्या वाकण्याने आतली नळी दुमडते, क्वचित मोडते, तीत गुठळी होते. म्हणून शीर जोडण्याची जुनी पद्धत आजही टिकून आहे, आणि कोणाला कोणता उपचार द्यावा हे वय, शिरांची अवस्था व प्रकृती पाहून ठरते. नवे आले म्हणून जुने रद्द झाले, असा हा इतिहास नाही. साहित्याचाही तो तसा नसतोच.

मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच बदल. गाडीवानाचा पाय वाचला तो हंटरच्या प्रज्ञेमुळे, यात वाद नाही. पण १९६४ मधील पाय वाचला तो डॉटरच्या नळीइतकाच त्या वृद्धेच्या नकारामुळे. तिने होकार दिला असता, तर डॉटरला ती संधीच मिळाली नसती. या इतिहासात रुग्णाच्या तोंडी आलेले बहुधा पहिले निर्णायक वाक्य म्हणजे तिचा ‘नाही’. विजयगाथेत त्याला ओळभरही जागा मिळत नाही. वर्गात हा इतिहास शिकवायचा झाला, तर मी तिथूनच सुरुवात करीन.