हे नक्की कधी लिहिलं?

संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी 'साधनांची चिकित्सा' तुम्ही पाठ केली असेलच. अंतर्गत चिकित्सा, बाह्य चिकित्सा, प्रत्येकी चार मुद्दे. मीही केली होती. पण तिचा अर्थ मला कळला तो एका गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीमुळे. आज त्या डबीबद्दल सांगते.

माझा विषय रंगमंचावरच्या जादूचा इतिहास. त्यासाठी जुन्या कलावंतांच्या मुलाखती घेत फिरते. त्यातले एक काका पूर्वी गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनांत मनातलं ओळखण्याचे प्रयोग करायचे. मोठ्या स्टेजपेक्षा दहा-वीस माणसांच्या घरगुती बैठकीत त्यांचा हात जास्त चालायचा. एका दुपारी त्यांनी डबी उघडून तीन वस्तू टेबलावर मांडल्या. एक नखाला चिकटवायची पातळ पट्टी, तिच्या कडेला शिसाचा कण. दुसरी अंगठ्याच्या टोकावर चढणारी कातडीच्या रंगाची टोपी, तिलाही शिसं. तिसरी नखाखाली अडकवायची बारीक पत्र्याची चिमटी.

"तुला प्रयोग करायचा असता तर यातलं काय उचललं असतंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळ्यात छोटी वस्तू उचलली. काका हसले. "कशावर लिहायचंय ते विचारलंस का?"

आधी प्रयोग समजून घ्या. कलावंताच्या हातात एक कार्ड आणि साधी पेन्सिल. तो म्हणतो, मी एक आकडा लिहून ठेवतोय. कार्डावर पेन्सिल फिरवतो आणि पेन्सिल खिशात ठेवतो. मग तुम्हाला विचारतो, मनात कुठला आकडा आहे? तुम्ही म्हणता, सत्तेचाळीस. तो कार्ड फिरवतो, तिथे 47. पेन्सिल तर केव्हाच खिशात गेली, मग हे आलं कुठून? तुम्ही बोललात त्या क्षणी कार्डाआडून त्याच्या अंगठ्याने ते लिहिलं. हे गुपित फोडल्याबद्दल काका रागावणार नाहीत, कारण ते कितीतरी दशकं छापील पुस्तकांत आहे. इंग्रजी जादूजगतात या वस्तूला चक्क 'स्वामी गिमिक' म्हणतात. तिकडचे मनकवडे डोक्याला फेटा बांधून पौर्वात्य नावं घेत, त्याची ही खूण. टोनी कोरिंडा यांच्या 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' या प्रसिद्ध ग्रंथाची पहिली पायरी याच वस्तूवर आहे.

आता काकांचा प्रश्न. कार्ड ताठ असेल तर एका हातात धरून अंगठा चालतो, पातळ कागद मात्र दबतो आणि चुरगळतो. कडक शिसाची रेघ फिकी पडते, समोरच्याला कार्ड तिरकं करून बघावं लागतं. मऊ, मेणचट शिसाची रेघ ठळक येते, पण ते लवकर झिजतं आणि बोटालाही लागतं. शिवाय खिशात गेलेल्या पेन्सिलीची रेघ आणि अंगठ्याची रेघ सारखी दिसायला हवी, नाहीतर कार्डच तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. अंगठा फार फिरत नाही, म्हणून दोन आकडे ठीक, एखादं वाक्य अशक्य. "लपतं किती, हे शेवटी बघायचं," काका म्हणाले. "आधी कागद, मग रेघ, मग बोट."

मी ते वहीत लिहून घेतलं. या वहीकडे शेवटी परत येऊ.

कागद आणि शिसाच्या आधी हाच खेळ दगडी पाटीवर चालायचा, आणि तिथे तो खेळ नव्हता. 1870 च्या दशकात हेन्री स्लेड नावाचा अमेरिकन माणूस मृतात्म्यांकडून पाटीवर संदेश आणून द्यायचा. पाटीवर पेन्सिलीचा छोटा तुकडा ठेवून तो ती एका हाताने टेबलाखाली धरायचा, खरखर आवाज यायचा, आणि पाटी बाहेर काढली की अक्षरं उमटलेली. 1876 मध्ये तो लंडनला आला. प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर आणि त्यांचे डॉक्टर मित्र होरेशिओ डॉंकिन त्याच्या बैठकीला गेले. आत्म्याने लिहायला सुरुवातही केलेली नाही असं ज्या क्षणी मानलं जात होतं, नेमक्या त्याच क्षणी लँकेस्टरने पाटी हिसकावली. मजकूर आधीच लिहिलेला होता!

खटला बो स्ट्रीट कोर्टात चालला. जादूगार मॅस्केलिन यांनी साक्षीत पाटीच्या युक्त्या समजावल्या. स्लेडच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभं राहिलं असेल? आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनसोबत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे. आणि खुद्द डार्विन यांनी खटल्याच्या खर्चासाठी विरुद्ध बाजूला 10 पौंड दिले. स्लेडला तीन महिने सक्तमजुरी झाली, पण आरोपपत्रातल्या शब्दांच्या तांत्रिक त्रुटीमुळे अपिलात शिक्षा रद्द झाली आणि तो देश सोडून गेला.

इथे थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. लँकेस्टरचा पुरावा कोणता होता? त्या क्षणी स्लेडच्या बोटात पेन्सिल सापडली, असं काही घडलं नाही. पुरावा वेळेचा होता. अक्षरं जेव्हा नसायला हवी होती, तेव्हा होती. काकांच्या कार्डावर नेमकं उलटं घडतं. अक्षरं जेव्हा असायला हवीत, तेव्हा नसतात, नंतर येतात. लपवायची असते ती वेळ. वस्तू लपवणं हा त्याचाच एक भाग.

मग प्रश्न पडतो, समोर बसलेल्या हुशार माणसांना ही वेळ का दिसत नाही? याचं उत्तर एस. जे. डेव्ही या तरुणाने शोधलं. तो लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचा सदस्य. आधी विल्यम एग्लिंटन या माध्यमाच्या पाटीलेखनावर त्याचा विश्वास बसला होता. पुढे शंका आली, तेव्हा त्याने स्वतः सराव केला आणि लोकांना बोलावून बैठका घेतल्या. बैठक संपली की पाहुण्यांनी काय पाहिलं ते सविस्तर लिहून द्यायचं. हे सगळं रिचर्ड हॉजसन यांच्या प्रस्तावनेसह 1887 मध्ये छापून आलं.

हे वृत्तांत आपल्यासारख्यांनी वाचायलाच हवेत. लिहिणारी माणसं शिकलेली, प्रामाणिक. तरी पाटी मध्येच बाजूला ठेवली गेली होती, हे गळलेलं. आधीची तपासणी नंतर झाली असं लिहिलेलं. न केलेली तपासणी केल्याचं नोंदलेलं. हॉजसन यांनी अशा चुकांचे प्रकारच पाडले: गाळणं, नसलेलं घालणं, एकाच्या जागी दुसरं ठेवणं, आणि क्रम बदलणं. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे आत्मचरित्र वाचा, तपासाचा अहवाल वाचा की मुलाखतीचं टिपण, ते कामी येतील.

हॉजसन यांना हे कुठे जाणवलं होतं, माहितेय? आपल्याकडे. थिऑसॉफिकल सोसायटीतल्या चमत्कारांचा तपास करायला ते 1884 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले होते. इथे एका गारुड्याचा नाण्यांचा खेळ त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्यासोबत पाहिला. नंतर तो अधिकारी दुसऱ्याला सांगताना म्हणाला, की नाणं मी स्वतः जमिनीवर ठेवलं होतं. हॉजसन यांनी तर ते गारुड्याला ठेवताना पाहिलं होतं. अधिकारी खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं.

आणि वॉलेस? डेव्हीच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये त्यांनी लिहिलं, की या सगळ्याचा उलगडा केला नाही तर डेव्ही जादूगारासोबत खराखुरा माध्यमही होता असं पुष्कळांना वाटेल. हॉजसन यांनी पुढच्याच वर्षी डेव्हीच्या युक्त्या छापल्या. वॉलेस यांना हसू नका. त्यांच्यासमोर ढीगभर लेखी साक्षी होत्या, आणि लेखी साक्षीवर विश्वास ठेवायला आपणही शिकतोच.

आता माझी वही.

काकांच्या पहिल्या मुलाखतीत त्यांच्या गुरूंचा पहिला जाहीर प्रयोग कोणत्या साली झाला, ते टिपायचं राहिलं होतं. जागा कोरी. पंधरा दिवसांनी ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रात एक जाहिरात सापडली, मी आनंदाने ते साल वहीतल्या कोऱ्या जागेत भरलं. पानावर तारीख मुलाखतीची. काही महिन्यांनी प्रकरण लिहिताना मी ऐटीत दोन पुरावे दिले: एक जाहिरात, आणि तिला दुजोरा देणारी मुलाखत. प्रकरणाचा मुख्य दावा त्यावरच उभा.

मार्गदर्शकांनी मूळ वही मागितली. पान बघितलं, बोट ठेवलं. बाकी पान निळं, साल काळ्या शाईत. "हे कधी लिहिलंस?"

मला खरंच आठवेना. तारखा जुळवल्यावर कळलं. मी काकांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, "साल? अगं, मला साल कुठलं आठवायला! तू सांगशील ते." दोन साक्षीदार नव्हतेच, एकच होता, आणि दुसरा माझा अंगठा. दावा काढावा लागला, प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. सहा महिने गेले. मी कुणाला फसवायला निघाले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हापासून साध्या सवयी लावून घेतल्या. मुलाखतीचं पान त्याच दिवशी बंद करायचं, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून वेळ लिहायची. नंतर सुचलेलं, सापडलेलं, सगळं डाव्या पानावर, त्या दिवसाच्या तारखेसह. कोरी जागा कोरीच ठेवायची. संगणकावर टिपणं काढत असाल तर जुनी फाइल बदलू नका, नवी करा. आणि दुसऱ्याचं कुठलंही साधन हातात आलं की मजकुराआधी विचारा: ही ओळ घटनेच्या आधी लिहिली, घटना घडताना, की निकाल कळल्यावर?

काकांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी ती नखाची पट्टी मला देऊन टाकली. वापरायची नाही, या अटीवर. ती माझ्या वहीच्या कव्हरला आतून चिकटवलेली आहे, शिसं काढून.