स्टोच्या बागेतला चर

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातली स्टोची बाग पाहायला जाणारे बहुतेक जण तिथली मंदिरं पाहून परततात. ती नुसती शोभेची नाहीत, त्यांत राजकारण आहे. 1733 मध्ये पंतप्रधान वॉलपोलच्या अबकारी विधेयकाला विरोध केला म्हणून बागेचा मालक लॉर्ड कॉबम याची पलटण काढून घेतली गेली. पुढे विल्यम केंटने त्याच्यासाठी ‘ब्रिटिश थोरां’चं मंदिर रचलं. त्यातल्या 16 अर्धपुतळ्यांत लॉक आणि मिल्टन आहेत, राजाच्या कराला नकार देणारा हॅम्पडेनही आहे. मागच्या बाजूला सिन्योर फिडोचा मृत्युलेख आहे. फिडो म्हणजे कुत्रा, पण हे शेवटच्या ओळींपर्यंत कळू दिलेलं नाही! जेम्स गिब्जचं गॉथिक मंदिर तर पूर्वजांच्या स्वातंत्र्यालाच वाहिलेलं. एवढं स्वातंत्र्य दगडात कोरलेल्या या बागेचा खरा दस्तऐवज मात्र मला तिच्या हद्दीवरच्या चरात दिसतो.

चार्ल्स ब्रिजमनने आखलेल्या या चराची आतली बाजू सरळ उभी बांधलेली आणि बाहेरची उतरती. गुरं उतारावरून खाली येतात आणि भिंतीशी अडतात. वाड्याच्या खिडकीतून मात्र हिरवळ थेट कुरणाला भिडल्यासारखी वाटते. कुंपण आहेच, फक्त मालकाला ते दिसत नाही. झाडीत दडलेलं मध्ययुगीन चर्चही याच जातीचं. स्टो गावाची तेवढी एकच इमारत उरली आहे. बागेसाठी घरं गेली, माणसं हलली. कुत्र्याला लेख मिळाला, गावाला नाही.

आजच्या मापाने तेव्हाच्या लोकांना मोजू नये, असं कुणी म्हणेल. कॉबमचा विरोध खरा होता, त्याने त्याची किंमतही मोजली, हे मान्यच आहे. पण गाव हटवणं तेव्हा कुणाला खटकलंच नाही, हे खरं नाही. बागेसाठी गावं उठवण्यावर गोल्डस्मिथने 1770 मध्येच ‘द डेझर्टेड व्हिलेज’ ही दीर्घ कविता लिहिली, आणि ती खूप वाचली गेली. म्हणजे हे माप त्याच काळाचं आहे. कॉबमच्या मंडळींना हवं होतं ते राजापासून आणि त्याच्या मंत्र्यापासून जमीनदाराचं स्वातंत्र्य. त्यात कुळांची गणती नव्हती. 1848 मध्ये कर्जापायी वाड्यातलं सामान लिलावात निघालं, 1923 मध्ये तिथे शाळा भरली आणि 1989 मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. चर्चमध्ये मात्र अजूनही प्रार्थना होते.