बालेवाडी पुण्यात कधी आली?

आपल्याकडे बर्फ नाही. स्कीइंग, आइस हॉकी वगैरे राष्ट्रीय स्पर्धा गुलमर्ग, लेहकडे होतात. पण खेळांचा हंगाम मात्र आपल्याकडेही हिवाळाच. 9 ते 20 जानेवारी 2019 ला, इकडे सोलापुरात गड्ड्याची गर्दी होती त्याच दिवसांत, पुण्यात बालेवाडीला खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या.

समजा, तुम्ही सिनॉप्सिससाठी विषय घेतला : ‘यजमानपदाचा पुणे शहरावर परिणाम’. ऐकायला छान आहे. आता त्यातला ‘पुणे शहर’ हा शब्द जरा तपासून बघू.

बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं ते जानेवारी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. मुंबई आणि पुणे मिळून यजमान होते. पण तेव्हा बालेवाडी पुणे महापालिकेत नव्हतीच! ती आली 1997 च्या हद्दवाढीत. संकुलाच्या पत्त्यात म्हाळुंगे-बालेवाडी असं जोडनाव आहे. त्यातलं म्हाळुंगे तर जून 2021 मध्ये महापालिकेत आलं. म्हणजे मान शहराला मिळाला, मैदान गावाकडे होतं.

सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द आपण रोज वापरतो. 1991 च्या जनगणनेत सोलापूर सुमारे 6 लाख, 2001 ला 8 लाख 72 हजार. मधे 1992 ची हद्दवाढ झालीय हे विसरलात, तर दहा वर्षांत शहर दीडपट फुगलं असा शोध लावून मोकळे व्हाल.

पुढची अडचण याहून मोठी आहे. आज बालेवाडीत टॉवरच टॉवर दिसतात. स्टेडियममुळे? 1990 च्या दशकाच्या शेवटी शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क आलं, 2002 मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण खुला झाला. नदीपलीकडच्या वाकडला असलं संकुल नाही, तरी टॉवर तिथेही आहेतच. आम्हा सायन्सवाल्यांच्या भाषेत वाकड हा तुमचा कंट्रोल. अगदी तंतोतंत नाही, कारण वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं; पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

पदकांचंही तसंच. 2018 ला दिल्लीत हरियाणा पहिला (38 सुवर्ण), महाराष्ट्र दुसरा (36). 2019 ला पुण्यात महाराष्ट्र 85 सुवर्णांसह पहिला. लगेच ‘घरच्या मैदानाचा फायदा’ लिहू नका. 2018 ला फक्त 17 वर्षांखालचा गट होता, 2019 ला 21 खालचा वाढला. हरियाणाही 62 वर गेलाच की. 2020 ला गुवाहाटीत, म्हणजे घरापासून लांब, महाराष्ट्रच पहिला. उलट 2022 ला पंचकुलात यजमान हरियाणा पहिला आला. चार वर्षांच्या आकड्यांवर मी तरी कुठल्याच बाजूने पैज लावणार नाही.

मग अभ्यासायचं काय? माझ्या मते, मैदानाचं नंतर काय झालं ते. एकदा बांधलेल्या या संकुलात 2008 चे राष्ट्रकुल युवा खेळ झाले, 2018 पासून काही वर्षं एटीपी टेनिस झालं, 2020 मध्ये कोविडचे रुग्ण ठेवले गेले. आता राज्याचं क्रीडा विद्यापीठही तिथेच आहे. स्पर्धा बारा दिवसांची असते, संकुल तीस वर्षं वापरात आहे. एखाद्या साध्या मंगळवारी तिथे कोण पळतं, फी किती, शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं आत जातात का, हे प्रश्न मला पदकतालिकेपेक्षा मोलाचे वाटतात.

आणि 1994 च्या आधीचं गाव शोधायचं असेल तर महापालिकेच्या दफ्तरात वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीचे ठराव, तलाठ्याकडचे सातबारा आणि फेरफार इथून सुरुवात करा. त्या जानेवारीत विशीत असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. त्यांच्याशी आधी बोला, कागद नंतरही मिळतील.