नळीतला दांडा

वेल्डेड पाइप हाताला लागला की मी आधी आत बोट घालून बघतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला एवढा चाळा माफ असावा. बाहेरून पाइप कसा गुळगुळीत, पण आत बऱ्याचदा एका रेषेत उंचवटा लागतो. शॉप फ्लोअरवर त्याला 'बर' म्हणतात. इन्शुलेशन सोलून काढायला, सील फाडायला तेवढी बर पुरते. ती काढणं म्हणजे शेवटचं किरकोळ काम असं वाटतं ना? पण या उंचवट्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात बंदुकीपासून. पूर्वी लोखंडी नळी म्हणजे मुख्यतः बंदुकीची नळी. तापवलेली पट्टी दांड्याभोवती (मँड्रेल हो!) गुंडाळायची आणि हातोड्याने ठोकून सांधायची. आतला खडबडीतपणा नंतर बोअरिंग करून काढायचा. काम वेळखाऊ, आणि नळी जेमतेम साडेतीन फुटांची. पण बंदुकीला तेवढी पुरत होती.

मग आला गॅस. १८१३ च्या ३१ डिसेंबरला लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर गॅसचे दिवे लागले आणि शहरांना मैलोगणती नळ्या हव्या झाल्या. जुन्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून गॅस नेला, असं सांगतात. तिकडचे प्लंबर अजूनही लोखंडी पाइपला 'बॅरल' म्हणतात, ते उगीच नाही.

१८२५ साली वेडन्सबरीच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने दांडाच काढून टाकला! पट्टी वाकवायची, भट्टीत पांढरीफटक तापवायची आणि साच्याच्या भोकातून खसकन ओढायची. चहूबाजूंनी दाब पडून कडा आपोआप सांधतात. पेटंट जेम्स रसेलकडे आलं आणि १८३० च्या दशकात त्यावरून कोर्टकज्जे झाले. प्रतिपक्षाने साच्याऐवजी रोलर वापरले होते. निकाल रसेलच्या बाजूने लागला, कारण दांड्याशिवाय, नुसत्या बाहेरच्या दाबाने सांधणं हाच शोधाचा गाभा मानला गेला. मला हे फार आवडतं. काहीतरी वगळण्यालाही पेटंट!

विसाव्या शतकात वीज आली. रोलरमधून पट्टी गोल होत जाते, करंटने कडा वितळायच्या बेताला येतात आणि पुढचे रोलर त्या एकमेकींवर दाबतात. या दाबात कडांवरचं ऑक्साइड, घाण, थोडा वितळलेला धातू असं सगळं आत-बाहेर पिळून निघतं. म्हणजे बर ही सांध्यातली मळीच. ती बाहेर आली तर आतला जोड स्वच्छ. जी बर आपण तासून फेकतो, ती नीट निघालीच नाही तर खरी काळजी करायची! अनुभवी ऑपरेटर तिच्या आकारावरून वेल्ड जोखतो. (आपण लॉग फाइल वाचतो, तसंच.)

मळी आत राहिली तर? अमेरिकेतल्या जुन्या लो-फ्रीक्वेन्सी वेल्डच्या पाइपांत असे कच्चे सांधे बरेच सापडले. १ नोव्हेंबर २००७ ला मिसिसिपीत कारमायकलजवळ प्रोपेनची पाइपलाइन फुटली, ती १९६१ सालच्या पाइपच्या शिवणीवरच. दोन माणसं गेली. त्या सांध्यात नेमकं काय राहिलं होतं हे बाजूला ठेवू, पण चांगल्या सांध्याची किंमत कळायला एवढं पुरे.

१९५० च्या दशकानंतर हाय-फ्रीक्वेन्सी वेल्डिंग आलं. त्यात करंट नेमका कडांवरून वाहतो, त्यामुळे वेग वाढला. बाहेरची बर काढणं सोपं. वेल्डच्या लगेच पुढे कार्बाइडचं हत्यार, आणि गरम धातूची लांबच लांब फीत सोलून निघते. आतलं काय? नळी तर बंद झालेली! मग जिथे पट्टी अजून उघडी आहे तिथूनच एक लांब दांडा आत घालतात. तो वेल्डच्या जागेखालून पुढे जातो, त्याच्या टोकाला कटर, आणि नळी त्याच्यावरून धावत राहते. व्हाइटहाउसने बाहेर काढलेला दांडा शंभर-सव्वाशे वर्षांनी परत आत! फक्त आता तो सांधत नाही, साफ करतो.

अर्थात जागा असेल तरच. त्याच पोकळीत फेराइटचा गाभा आणि त्याला थंड ठेवणारं पाणीही मावायला लागतं. नळी फार बारीक असली की कटरला वावच उरत नाही. मग बर तशीच ठेवून पाइप विकायचा, नाहीतर गिऱ्हाइकाने महागडी, बिनसांध्याची नळी घ्यायची.