माळवद, पत्रा आणि स्लॅब : छताचे वजन न वाढवता घर गार कसे ठेवायचे?

थंड प्रदेशात घर बांधताना ऊब कुठून आणायची हा प्रश्न असतो. तिथे नव्या घराच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकतात आणि जुन्या घरात त्यासाठी आख्खी फरशी उखडतात. धाराशिव जिल्ह्यात अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या पट्ट्यात प्रश्न नेमका उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बैठ्या घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा छतातून येतो. त्यामुळे इथे दुरुस्ती असो की नवे बांधकाम, लक्ष फरशीकडे नव्हे, छताकडे द्यावे लागते. शिवाय या भागात छताचा विचार करताना वजनाचा विचार टाळता येत नाही. त्याचे कारण १९९३ चा भूकंप.

माळवद म्हणजे काय?

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. सर्वांत वर गावच्या पांढरीतली माती चोपून बसवतात, कारण तिच्यातून पाणी कमी झिरपते. खाली दगड-मातीच्या भिंती दोन फुटांपासून तीन फुटांपर्यंत, काही वाड्यांत त्याहूनही जाड.

अशा घरात भर दुपारी गारवा असतो आणि थंडीत ऊब असते. माती उष्णता सावकाश पुढे सरकू देते. दुपारी वर तापलेल्या थराची धग खाली पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते आणि वरचा थर पुन्हा निवू लागलेला असतो.

पण माळवद गळते. म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत पडली. जुनी काढायची आणि मग नवी टाकायची, हे कष्ट फार थोडे लोक घेत. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले आणि कित्येक घरांवर दीड-दोन फूट माती साचली.

३० सप्टेंबर १९९३

गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. बहुतेक जण झोपेत होते. दगड-मातीच्या भिंती कोसळल्या आणि वरची माती अंगावर आली.

भिंती जाड होत्या, मग पडल्या कशा? या भिंतींना बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात. मध्ये लहान दगड आणि मातीची भर असते. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नसतील तर हादऱ्यात पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून ढासळते. गोलसर, न घडवलेले दगड आणि चुन्याऐवजी नुसती माती यामुळे पकड आणखी कमी. काही घरांत भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले. लाकडी सांगाडा शाबूत आणि जोड पक्के असतील तर माळवद तग धरू शकते, हे त्यातून दिसले.

भूकंपानंतर लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला. ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. इतर असंख्य गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. ज्यांना जमले त्यांनी पत्रा किंवा स्लॅब जवळ केला. घर हलके किंवा पक्के झाले, पण उन्हाळा घरात आला.

किती मातीने किती गारवा?

इथे थोडा हिशेब करायला हवा. माळवदाच्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो धरले, तर ५० सेंटिमीटर थराचा भार दर चौरस मीटरला ८०० किलो होतो. दहा बाय दहाच्या खोलीवर तो सात टनांपेक्षा जास्त भरतो.

आता उष्णता. दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार मातीत जसजसा खोल जातो, तसतसा झपाट्याने विरतो. ढोबळ हिशेबाने २० सेंटिमीटर मातीखाली तो पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतो आणि खाली पोहोचायला सहा-सात तास लागतात. १२ सेंटिमीटरच्या स्लॅबखाली मात्र निम्म्याच्या आसपास चढउतार शिल्लक राहतो आणि तो तीन-चार तासांत पोहोचतो. म्हणून स्लॅबच्या घरात संध्याकाळी, बाहेर वारा सुटल्यावरसुद्धा, छत भट्टीसारखे लागते.

म्हणजे बहुतेक गारवा पहिल्या २० सेंटिमीटरमध्येच मिळतो. त्यावरची फूटभर माती गारव्यात थोडीच भर घालते. भार मात्र अडीच पटींवर नेते.

जुने माळवद ठेवायचे असेल तर

भूकंपानंतरच्या मजबुतीकरणाच्या सूचनांचा भर याच मुद्द्यावर होता. छतावरची जादा माती उतरवून थर सुमारे २० सेंटिमीटरवर आणायचा. थरात जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे गळती थांबते आणि दरवर्षी माती टाकण्याचे कारणच उरत नाही. माती उतरवताना सगळ्या छतावरून सारखी उतरवावी. एका बाजूला ढीग करून ठेवू नये.

भिंतीसाठी साधारण मीटर-मीटर अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरतात. त्याने दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातात. छताच्या खालच्या बाजूला भिंतीभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवतात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोकतात. भोक पाडताना दगड हळूहळू सैल करावा लागतो. घणाचे घाव घातले तर आधीच सैल असलेली भिंत आणखी खिळखिळी होते. भिंतीला फुगवटा आला असेल, कोपरे उघडले असतील किंवा तुळईचे टोक कुजले असेल, तर काम सुरू करण्याआधी अभियंत्याला दाखवणे भाग आहे.

पत्र्याचे घर

पत्रा ऊन पडताच तापतो, पण रात्री निवतोही लवकर. त्याला पांढरा परावर्तक रंग दिला तर बराच फरक पडतो. पत्र्यापासून दीड-दोन फूट उंचीवर शेडनेट ताणली, तर मधून हवा खेळते आणि ऊन वरच्या वर अडते. घरातून छताला आडोसा करायचा असल्यास मध्ये वीतभर मोकळी जागा आणि हवा जायला वाट हवी. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चूल किंवा गॅसच्या वर तो लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात, ते मात्र काढावेत. त्याऐवजी पत्रा हुकने नीट आवळावा. माळवद गेले तरी डोक्यावर दगड राहिलेच, असे होऊ नये.

स्लॅबचे घर

सर्वांत स्वस्त आणि वजनाच्या दृष्टीने जवळपास फुकटचा उपाय म्हणजे पांढरे छत. स्लॅब झाडून, भेगा भरून, शमवलेल्या चुन्यात थोडा डिंक मिसळून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन हात द्यायचे. बाजारातला परावर्तक रंग महाग, पण जास्त टिकतो. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमध्ये अशी छते रंगवायला घेतली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरणच आणले. घरातले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते असा अनुभव आहे. धूळ बसली की परिणाम घटतो आणि चुना पावसात धुऊन जातो. म्हणजे हे दरवर्षीचे काम झाले. त्या वेळी छतावरचे पहिले पाणी प्यायच्या टाकीत घेऊ नये.

संध्याकाळी छतावर पाणी मारण्याचाही गुण येतो. पण ज्या महिन्यात त्याची गरज, त्याच महिन्यात गावात टँकर, तेव्हा हा सल्ला इथे फारसा चालत नाही.

गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकतात. ही सवय माळवदावर माती चढवण्यासारखीच आहे. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर सामान्यतः चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. दहा सेंटिमीटर ओली माती त्याहून जास्त भरते. गारव्यासाठी गच्चीवर बाग किंवा मातीचा थर करायचा, तर स्लॅब त्या हिशेबाने बांधलेला हवा.

नवे घर बांधताना

स्लॅबवर पाच सेंटिमीटर जाडीचा कठीण फोमचा थर आणि त्यावर पातळ पांढरी फरशी असे करता येते. उष्णता अडवण्यात हा फोम जवळपास पाऊण ते एक मीटर मातीच्या तोडीचा आहे, आणि त्याचे वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आत. मातीसारखा गारवा तो साठवत नाही. तो साठवण्याचे काम खालचा स्लॅब करतो, म्हणून फोम नेहमी स्लॅबच्या वर घालावा, खाली नव्हे.

थंड देशांतल्या नळ्यांची युक्तीही उलटी फिरवता येते. इन्फोसिसने हैदराबादच्या आपल्या संकुलात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी खेळवून इमारतीचा एक भाग गार ठेवला आहे. त्यासाठी पाणी गार करणारे यंत्र, अखंड वीज आणि दवबिंदूवर सतत नजर लागते. पाणी फार थंड झाले तर छताला घाम फुटतो.

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्या छोट्या घरात पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी आणि झाड किंवा ओसरीची सावली जास्त, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, रात्री उघडी आणि दुपारी बंद दारे, एवढे जमले तरी पुष्कळ. कूलर मेपर्यंत चांगला चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग राहत नाही.